पानोपानी : एका घराण्याची वेगळाली पानं

प्रश्न : बाई, आमच्या परसात फणसाचं जुनं झाड आहे आणि विहिरीकडे निरफणस. दोघे एकाच वंशातले, असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. पण फणसाचं पान तळहाताएवढं, कडेला कुठे खाच नाही. निरफणसाचं पान हातभर लांब आणि दोन्ही बाजूंनी खोल कातरलेलं. यंदा पडलेल्या आठळीतून फणसाचं एक रोप आलं, तर त्याच्या पानांनाही दोन-तीन खाचा! निरफणसाशी संकर झाला की काय? घरात यावर वाद चालू आहे.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : संकर झालेला नाही. रोप निखळ फणसाचं आहे, कृपा करून उपटू नका. फणसाच्या कोवळ्या रोपाला खाचांची पानं येतात, आणि आसपास कुठेही निरफणस नसलेल्या गावांतही येतात. रोप वाढलं की खाचा उथळ होत जातात आणि मग साध्या कडेची पानं फुटू लागतात. दर पावसाळ्यानंतर एक पान खुडून जुन्या वहीत दाबून ठेवा. तीन-चार वर्षांत घरातला वाद ती वहीच मिटवेल.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते. दोन झाडं नातेवाईक आहेत की नाहीत, हे पानाच्या आकारावरून ठरवायला जाऊ नये. आकार हा पानाचा सर्वांत बोलका भाग, म्हणून आपली नजर तिथेच अडकते. नातं कळतं ते पानाच्या कमी दिसणाऱ्या भागांतून. फणसाचं पान देठापाशी तोडा, पांढरा चीक येईल. निरफणसाचं तोडा, तसाच चीक. मग फांदीचं टोक बघा. नव्या पानाची कळी एका टोपीत गुंडाळलेली असते. ती टोपी म्हणजे उपपर्णं. ती गळून पडली की फांदीभोवती कड्यासारखी गोल खूण राहते, आणि ही खूण तुमच्या दोन्ही झाडांवर सापडेल. चीक आणि ही खूण एवढं जुळलं की वड-उंबराच्या कुळाचा दरवाजा उघडला असं समजा. वडाच्या कोंबावरची लालसर टोपी तुम्ही पाहिलेलीच असेल.

फणसाच्या आर्टोकार्पस या वंशात जगभरात सुमारे सत्तर जाती आहेत. त्यातला पाटफणस तुमच्याकडच्या रानात आहे. उंच, सरळ खोडाचा, होड्यांच्या लाकडासाठी नावाजलेला. त्याचं फळ फणसापेक्षा पुष्कळ लहान, काटेरी, पिकलं की पिवळट नारिंगी. पूर्ण वाढलेल्या पाटफणसाचं पान साध्या कडेचं असतं, त्यामुळे कुणीही त्याला फणसाचा सख्खा भाऊ म्हणेल. गुणसूत्रांतल्या मजकुराची तुलना करून वंशावळी मांडल्या गेल्या तेव्हा मात्र निराळं चित्र निघालं. पाटफणस हा फणसापेक्षा निरफणसाला जवळचा आहे! निरफणस मूळचा न्यू गिनीकडच्या बेटांचा, पॅसिफिकच्या दर्यावर्दी लोकांनी बेटाबेटांवर नेलेला. पाटफणस मात्र अस्सल सह्याद्रीचा. पानावरून आपण जोडी लावली असती फणस आणि पाटफणसाची, आणि ती चुकली असती. पाटफणसाचं लहान रोप पाहिलंत तर दचकाल. त्याची पानं लांबलचक, केसाळ आणि इतकी खोल कातरलेली असतात की अनेकांना ते त्याच झाडाचं रोप वाटतच नाही.

याच वंशात लकुचही येतो. गोव्यात त्याच्या सुकवलेल्या फोडी आमटीत आंबटपणासाठी घालतात. त्याची पानं फांदीवर दोन्ही बाजूंना दोन ओळींत लागतात आणि उपपर्णांची ती गोल खूण त्याला नसते. फणसाची आणि निरफणसाची पानं फांदीभोवती फिरत फिरत लागतात. ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेली आहे. पानाची लांबी, रुंदी, खाचा त्या मानाने पटकन बदलतात. निरफणसाच्या लागवडीतल्या वाणांतसुद्धा काहींची पानं जवळजवळ अखंड असतात, काहींची मधल्या शिरेपर्यंत कातरलेली.

खाचा कशासाठी, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचं पत्र त्याचंच येईल म्हणून लिहिते. मोठ्या अखंड पानाच्या पृष्ठभागाला हवेचा एक स्थिर थर चिकटलेला असतो. पान जितकं रुंद तितका हा थर जाड, आणि उन्हात तापलेल्या पानाची उष्णता बाहेर जायला तितकी अडचण. खाचा पडल्या की पानाची परिणामकारक रुंदी घटते. उघड्या बेटावर हातभर पान घेऊन उभ्या राहणाऱ्या निरफणसासाठी हे स्पष्टीकरण मला पटतं. पाटफणसाच्या रोपासाठी पटत नाही, कारण ते दाट सावलीत वाढतं, तिथे तापण्याचा प्रश्न फारसा येतच नाही. एकाच खुणेचं प्रत्येक ठिकाणी एकच कारण असेल, असं धरून चालायचं कारण नाही.

बालपण आणि मोठेपण यांची पानं वेगळी असणं ही गोष्ट तुम्ही आणखी एका झाडात रोज बघता. रस्त्याकडेला वनखात्याने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ घ्या. तिच्या मोठ्या झाडावर कोयत्यासारखी वाकडी जी ‘पानं’ दिसतात ते चपटे झालेले देठ आहेत. बी रुजल्यावर पहिली काही पानं मात्र साध्या बाभळीसारखी बारीक पर्णिकांची येतात. तिच्या काही बहिणींवर केलेल्या अभ्यासात दिसलं की रोपात मायक्रोआरएनए १५६ नावाच्या एका लहानशा रेणूचं प्रमाण सुरुवातीला जास्त असतं, वयाबरोबर ते घटतं आणि तसा पानांचा घाट बदलतो. वनस्पतीला आपलं वय कळतं, ते असं.

प्रश्न : कोयनेच्या बाजूला भटकताना एका ओढ्याच्या पात्रातच जांभळासारखं बुटकं झाड दिसलं. फळ जांभळासारखंच पण लहान, पानं मात्र चिंचोळी. बरोबरचे गावकरी त्याला पाणजांभूळ म्हणाले. वाहत्या पाण्यामुळे जांभळाचीच पानं अशी अरुंद होतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गावकऱ्यांनी दिलेलं नाव अचूक आहे. ती जांभळापासून वेगळी जात आहे, सायझिजियम सॅलिसिफोलियम. तुमच्या प्रश्नात मात्र दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या सोडवून घेणं फार गरजेचं आहे.

एकाच झाडाची पानं जागेप्रमाणे बदलतात. जांभळाच्या शेंड्याची पानं लहान आणि जाड, खालच्या सावलीतली रुंद आणि पातळ, हे कुठल्याही जांभळावर दिसेल. ही त्या झाडाची लवचीकता झाली. पाणजांभळाचं पान चिंचोळं आहे ते मात्र त्याच्या बियांतून उतरलेलं आहे. ओढ्याच्या पात्रात जांभळाचं बी रुजलं तरी त्यातून पाणजांभूळ होणार नाही. हे तपासायची रीत जुनी आणि सोपी आहे. दोन्हींच्या बिया एकाच वाफ्यात, एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवायच्या. जो फरक तिथेही टिकतो तो वारशाचा, आणि जो पुसला जातो तो जागेचा. वनस्पतिशास्त्रातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या प्रयोगांपैकी हा एक आहे, कारण त्याला कुंड्या आणि धीर यांपलीकडे काही लागत नाही.

मग पाणजांभळाच्या वाडवडिलांत चिंचोळी पानं टिकली का? जुलैत तो ओढा बघा. पाणी झाडाच्या कमरेपर्यंत चढतं, कधी पूर्ण झाड बुडतं. रुंद पान त्या लोंढ्यात फाटतं किंवा फांदीलाच ओढून नेतं. चिंचोळं, चिवट पान प्रवाहाच्या दिशेने वळून राहतं. पाण्याच्या लोंढ्यात राहणाऱ्या अशा झाडाझुडपांचा जगभरातला आढावा डच वनस्पतिशास्त्रज्ञ फान स्टीनिस यांनी १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. एकमेकांशी काही नातं नसलेल्या कितीतरी कुळांतली झाडं ओढ्यात आली की चिंचोळ्या पानांकडे झुकतात, हे त्यात ठळकपणे दिसतं. बोर्निओच्या ओढ्यांत हे चित्र फार ठसठशीत आहे.

जांभळाचे बाकीचे सगेसोयरे आता स्वयंपाकघरातून आणि बाजारातून गोळा करा. मसाल्याच्या डब्यातली लवंग ही जांभळाच्याच सायझिजियम वंशातली. बाजारात येतो तो पांढरा किंवा गुलाबी, पाणीदार जाम, तोही. गुलाबाच्या वासाचं फळ देणारा, भाल्यासारख्या लांब पानांचा रायजाम, तोही. कोकणातल्या रानात पांढऱ्या टपोऱ्या फळांची एक जात आहे, सायझिजियम झेलॅनिकम, तिच्या पानाचं टोक शेपटीसारखं लांब ओढलेलं असतं. आकार प्रत्येकाचा निराळा. पण कुठलंही पान उजेडाकडे धरा. बारीक पारदर्शक ठिपके दिसतील, त्या तैलग्रंथी. पान चुरगळलं की त्यांचाच वास येतो. आणि कडेच्या अगदी आत, कडेला समांतर धावणारी एक शीर दिसेल, जिला मधल्या शिरेतून निघालेल्या सगळ्या शिरा जाऊन मिळतात. पानं समोरासमोर, कड साधी, ठिपके आणि ही काठाची शीर एवढं जुळलं, की जांभळाचं घराणं डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही.

प्रश्न : मी कामानिमित्त सिंगापूरला आहे. सुटीच्या दिवशी बुकित तिमाहच्या जंगलात जाते. लहानपणी आंबोलीत फिरलेली असल्याने झाडं ओळखायची हौस आहे, पण इथे सगळी पानं सारखीच दिसतात. लांबट, गुळगुळीत, टोकदार. नातेवाईक वेगळे दिसतात आणि परके सारखे, मग ओळखायचं कसं?
— एक वाचिका, सिंगापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यात वर्षावनाच्या पानांचं सगळं कोडं येऊन गेलं. भरपूर पाऊस, बाराही महिने ऊब, खाली मिणमिणता उजेड. या परिस्थितीत अनेक कुळं स्वतंत्रपणे एकाच घाटाच्या पानाकडे आली. अमेरिकेतल्या बेली आणि सिनट या दोघांनी १९१५-१६ मध्येच दाखवलं होतं की एखाद्या प्रदेशातल्या वृक्षांत साध्या कडेच्या पानांचं प्रमाण उबेबरोबर वाढतं आणि दातेरी पानांचं प्रमाण थंड प्रदेशांत जास्त असतं. आज दगडात सापडलेल्या पानांच्या ठशांवरून लाखो वर्षांपूर्वीच्या तापमानाचा अंदाज बांधतात, त्यामागे हाच धागा आहे.

ओढलेल्या टोकावरून पाणी लवकर निथळतं, हे टोकं कापलेली आणि न कापलेली पानं ताडून पाहिल्यावर दिसलेलं आहे. त्यामुळे पानावर शेवाळ कमी धरतं, हा पुढचा दावा मात्र पुस्तकांत जितक्या ठामपणे लिहिला जातो तितका पक्का ठरलेला नाही. आपल्या पिंपळाचं टोक बघा. इतकं लांब शेपूट असून तो दुष्काळी गावाच्या पारावरही सुखाने जगतो. निव्वळ टोकावरून झाडाचं गाव सांगायला जाऊ नये.

तुम्ही योग्य जागी आहात म्हणून आणखी थोडं लिहिते. सायझिजियम हा आज जगातला सर्वाधिक जातींचा वृक्षवंश मानला जातो. २०२२ साली सिंगापूरच्या संशोधकांचा मोठा सहभाग असलेल्या गटाने त्याच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मान्य जातींची संख्या ११९३ दिली होती. वंशाचा उगम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या बाजूचा, आणि तिथून तो पश्चिमेकडे, पार आफ्रिकेपर्यंत पसरत गेला. या प्रवासात थोड्या थोड्या काळात जातींचे झुबकेच्या झुबके फुटले. जांभूळ आपल्याला इतकं आपलं वाटतं, पण त्याच्या घराण्याची मुळं समुद्रापलीकडची आहेत, हे वाचताना मी फार हरखले होते. त्या अभ्यासात ज्या झाडाचा जनुकसंच मुख्य आधार म्हणून वापरला ते सायझिजियम ग्रँडे तुमच्या रस्त्यांच्या कडेला उभं आहे. एके काळी वणवा अडवण्यासाठी तिथे त्याच्या रांगा लावत असत. पान जाड, चामड्यासारखं, आणि टोक खाली मुडपलेलं. त्या एका झाडापासून सुरुवात करा. पडलेलं पान उचला, उजेडाकडे धरा, चुरगळून वास घ्या, चीक येतो का बघा, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते बघा. आकाराकडे सर्वांत शेवटी या. या क्रमाने गेलात तर एका पावसाळ्यात कुळं ओळखता येऊ लागतील.

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावाच्या वर कातळसडा आहे आणि खाली ओहोळाच्या काठाला दाट रान. सड्यावरच्या झाडांची पानं जाड, चिवट, लहान. खालच्यांची मऊ, मोठी. निकस जमिनीत अन्न मिळत नाही म्हणून पान लहान राहतं, एवढंच याचं उत्तर आहे का? प्रकल्प याच विषयावर करायचा विचार आहे.
— एक विद्यार्थी, दोडामार्ग तालुका

उत्तर : एवढंच नाही, आणि तू हा विषय घेतलास याचा मला मनापासून आनंद झाला. तुझ्या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर पेरू देशातल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात शोधलं गेलं, ते सविस्तर सांगते.

इकितोस शहराजवळ दोन तऱ्हेची जमीन अगदी लागून आहे. एक पांढरी वाळू, अतिशय निकस. दुसरी तांबडी चिकणमाती, पुष्कळ कसदार. दोन्हींवर जंगल आहे, पण झाडं वेगळी. गंमत अशी की अनेक वंशांत एक जात वाळूवरची आणि तिचीच जवळची बहीण चिकणमातीवरची. फाइन, मेसोनेस आणि कोली या तिघांनी सहा वंशांतल्या अशा वीस जाती निवडल्या. त्यांत प्रोटियम होता, जो आपल्या सालईच्या आणि गुग्गुळाच्या कुळातला. पार्किया होता, ज्याची एक जात आपल्याकडे बागांत चेंडूफळ म्हणून लावतात. सगळ्यांची रोपं त्यांनी दोन्ही जमिनींवर लावली. काही रोपांना बारीक जाळीचे पिंजरे घातले, काही उघडी ठेवली.

तुझ्या तर्काप्रमाणे चिकणमातीची रोपं वाळूत उपाशी राहून मरायला हवी होती. पिंजऱ्यात ती मेली नाहीत. वाळूच्या मूळ रहिवाशांच्या तोडीस तोड, किंबहुना अधिकच वाढली. उघड्यावरची मात्र किड्यांनी फस्त केली. निकस जमिनीवर त्यांना मारलं ते भुकेने नव्हे, किड्यांनी. २००४ मध्ये हे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात आले तेव्हा मी ते वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवले होते, आणि पुढे दरवर्षी शिकवत राहिले.

याचा अर्थ नीट लावून घे. कसदार मातीत किड्याने पान खाल्लं तर झाड दुसरं फुटवतं, माल मुबलक आहे. वाळूत नत्र आणि स्फुरद जेमतेम, तिथे गेलेलं पान भरून काढणं परवडत नाही. म्हणून वाळूतल्या जाती पान राखण्यावर खर्च करतात, त्यात चिवटपणा किंवा रसायनं भरतात. त्या खर्चामुळे त्यांची वाढ मंदावते. हीच सावकाश वाढ त्यांना चिकणमातीवर मागे टाकते, कारण तिथे वेगाने वाढणाऱ्या बहिणी वरचा उजेड आधी पकडतात. माती आणि किडे मिळून एका वंशातल्या दोन बहिणींना दोन घरी कसे पाठवतात, ते या प्रयोगात दिसलं.

त्याच वर्षी राइट, रिच आणि त्यांच्या जगभरच्या सहकाऱ्यांनी १७५ ठिकाणच्या २५४८ जातींची पानं एकत्र मांडली. एका टोकाला स्वस्त पान. पातळ, नत्राने भरलेलं, जोमाने अन्न करणारं आणि लवकर गळणारं. दुसऱ्या टोकाला महाग पान. जाड, संथ, वर्षानुवर्षं टिकणारं. त्या नोंदींत पानाचं आयुष्य एका महिन्याहून कमी ते थेट चोवीस वर्षांपर्यंत जातं. आपल्या घाटातही एकाच वंशात हे दोन स्वभाव सापडतात. विडीसाठी जिची पानं तोडतात ती टेंभुर्णी कोरड्या रानात पान गाळून उन्हाळा काढते. तिचीच बहीण डायोस्पायरॉस कॅन्डोलिआना सह्याद्रीच्या सदाहरित रानात बारा महिने हिरवी असते.

आता तुझा सडा. तिथे मातीचा थर पातळ, आणि पावसाळा संपला की कित्येक महिने पाण्याचा दुष्काळ. म्हणजे पेरूच्या वाळूपेक्षा इथे एक गोष्ट जास्त आहे. पानाची जाडी तहानेसाठी किती आणि किड्यांसाठी किती, हे नुसतं बघून वेगळं करता येणार नाही. म्हणून प्रकल्पात ‘जाड पान म्हणजे पाणी वाचवणं’ असं आधीच लिहून मोकळा होऊ नकोस. एक जोडी निवड, दोन्ही एकाच वंशातल्या, एक सड्यावरची आणि एक ओहोळाकाठची. दोघींच्या पानांवर खाल्ल्याच्या खुणा किती, ते पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मोज. वंश वेगळे घेतलेस तर फरक जागेचा की घराण्याचा, हे कधीच ठरवता येणार नाही. अशा अभ्यासात नातेवाईकच निवडतात, ते यासाठी.

तुझ्या तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला मायरिस्टिकाची दलदल आहे. जमलं तर वनखात्याची परवानगी घेऊन तीही बघ. जायफळाच्या घराण्यातली ही झाडं पाण्यात उभी असतात, मुळांचे गुडघे चिखलातून वर काढून. मायरिस्टिका मॅग्निफिकाचं पान अवाढव्य असतं, आणि वरच्या रानातल्या त्याच कुळाच्या नीमा अटेन्युएटाचं त्यामानाने पुष्कळ लहान. कुळाची खूण मात्र दोघांच्या सालीखाली, रक्तासारखा तांबडा रस. ती खूण पाहण्यासाठी साल मात्र कापू नकोस. तिथे फार थोडी झाडं उरली आहेत. सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईसारखी लोकांनी देवाच्या नावाने राखली, म्हणून गोव्यातही ती टिकली.

प्रश्न : कोकमाची नवी पालवी लाल का येते? आंब्याचीही तशीच येते. दोघांचं काही नातं आहे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : नातं नाही, संकट एकच आहे. पान कोवळं असताना मऊ असतं, चिवटपणा यायला त्याची वाढ पूर्ण व्हावी लागते. वर्षावनातल्या सावली सोसणाऱ्या झाडांच्या पानांचं आयुष्यभरात जे नुकसान होतं त्यातलं सत्तर टक्क्यांहून अधिक त्या थोड्या कोवळ्या दिवसांत होतं, असं कोली आणि बॅरोन यांच्या १९९६ च्या आढाव्यात आहे. काही झाडं त्या दिवसांत पानात हिरवा ऐवज भरतच नाहीत. खाणाऱ्याच्या हाती काही लागू देत नाहीत, पान भरभर वाढवतात आणि मग हिरवं करतात. लाल रंग कोवळ्या पेशींना कडक उन्हापासूनही सांभाळतो. दुसरी काही झाडं पान सावकाश वाढवतात, सुरुवातीपासून हिरवं ठेवतात आणि त्यात कडू-विषारी रसायनं भरतात. अमेरिकेच्या उष्ण जंगलांत शिरीषाच्या कुळातला इंगा नावाचा वंश आहे, तीनशेच्या वर जातींचा. त्यातल्या शेजारी शेजारी वाढणाऱ्या बहिणींची रसायनं एकमेकींपासून अपेक्षेपेक्षा जास्त वेगळी आढळली आहेत. शेजारणीचा किडा आपल्याकडे आला तरी त्याला आपलं पान पचू नये, असा हा बंदोबस्त. त्यामुळे दोन बहिणींची पानं डोळ्यांना सारखी दिसली तरी सुरवंटाच्या जिभेला ती दोन वेगळ्या जगांची असू शकतात.

प्रश्न : आठवीच्या मुलांकडून पानांतला फरक मोजून घ्यायचा आहे. प्रयोगशाळेत वजनकाटा आहे, बाकी फारसं काही नाही. काय करता येईल?
— एक शिक्षिका, संगमेश्वर

उत्तर : वजनकाटा आणि आलेखाचा कागद, एवढ्यावर खरं मोजमाप होतं. मुलांना एक चौरस मीटर पान करायला झाडाला किती ग्रॅम कोरडा माल लागतो, तो काढायला सांगा. संशोधकही हाच आकडा वापरतात.

शाळेजवळचं जांभूळ निवडा आणि कुणाच्या परसात जाम किंवा लवंग असेल तर तीही. ओढ्याला पाणजांभूळ असलं तर फारच उत्तम. प्रत्येकाची पूर्ण वाढलेली, किड्यांनी न खाल्लेली दहा पानं घ्या, फार कोवळी नकोत आणि पिवळी पडलेलीही नकोत. जांभळाची मात्र दोन वेळा घ्या, दहा उन्हातल्या फांदीची, दहा आतल्या सावलीतली. देठ काढून पान आलेखाच्या कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि आतले चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त व्यापलेला चौकोन धरायचा, कमी व्यापलेला सोडायचा. हे त्याच दिवशी करा, कारण पान सुकलं की आक्रसतं.

मग पानं वर्तमानपत्रात ठेवून कडक उन्हात वाळवा आणि रोज वजन करा. दोन दिवस वजन उतरेनासं झालं की वाळली असं धरा. प्रयोगशाळेत यासाठी सत्तर अंश सेल्सियसची भट्टी वापरतात, तुमचं काम एप्रिलच्या उन्हात होईल. दहाही पानं एकत्र तोला, एकेका पानाचं वजन शाळेच्या काट्यावर नीट येत नाही. समजा दहा पानांचं क्षेत्रफळ मिळून ६०० चौरस सेंटिमीटर आणि कोरडं वजन ६ ग्रॅम भरलं, तर हिशेब होतो चौरस मीटरला १०० ग्रॅम.

उन्हातल्या आणि सावलीतल्या जांभळाच्या आकड्यांत किती अंतर पडतं, ते मुलांनी आधी लिहून ठेवावं. उन्हातल्या पानात खांबासारख्या उभ्या पेशींचे थर अधिक असतात, त्यामुळे ते जड भरेल. त्यानंतर जांभूळ आणि जाम यांतलं अंतर काढावं, दोघांची उन्हातलीच पानं घेऊन. कुठलं अंतर मोठं निघतं, झाडाच्या आतलं की बहिणींमधलं, हे मुलांना आधी ओळखायला लावा आणि प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहा.

पाकिटांवर झाडाचं नाव, फांदी उन्हातली की सावलीतली, आणि तारीख शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. देवराईतलं झाड असेल तर पानं झाडावरची न तोडता गावकऱ्यांना विचारून निर्णय घ्या. आकडे निघाले की मला पाठवा, येत्या अंकात मुलांच्या नावासकट छापू.